पाणी गरम आहे म्हणून मंडप उतरवायचा का?

पत्र

काका, नमस्कार.

आम्ही श्रीवर्धनकडचे. स्वतःची बोट आहे, आमचे हेच तांडेल. तुळशीचं लग्न झालं की त्याच आठवड्यात धाकटीचं लग्न काढलंय. गुरुवारी हळद, शुक्रवारी लग्न. घरामागच्या वाडीत मंडप घालायचा ठरलाय, मंडपवाल्याला विसार देऊन झाला.

आता घरात रोज एकच वाद. मोठा मुलगा पुण्याला कंपनीत आहे. तो मोबाईलवर रंगीत नकाशे पाठवतो आणि म्हणतो, "आई, समुद्राचं पाणी एकोणतीस डिग्री आहे. खाली केरळकडे कुठे कमी दाब झाला की एवढ्या गरम पाण्यावर त्याचं वादळ व्हायला वेळ लागत नाही. मंडप नको, हॉल बघा." हे म्हणतात, "कमी दाब काय, दर दिवाळीला येतो. कमजोर असतो, पाऊस पाडून जातो. तीस वर्षं दर्यावर आहे मी." वर ह्यांना लग्नाआधी मासेमारीची एक फेरी मारायची आहे, म्हणजे खर्चाला हात लागेल. सासूबाईंनी निसर्ग वादळात डोक्यावरचं छप्पर उडालेलं पाहिलंय. टीव्हीवर "अरबी समुद्रात" एवढं ऐकलं तरी त्या कागदपत्रांची पिशवी दाराशी आणून ठेवतात.

कमजोर कमी दाब गरम पाण्यावर जोर धरतो का, हे एकदा नीट सांगा. आणि मी ऐकू कुणाचं?

— एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर

ताई, लेकीच्या लग्नाच्या शुभेच्छा आधी. वादाचं नंतर बघू.

बघायचं म्हटलं तर तुमचा मुलगा अर्धा बरोबर आहे आणि तुमचे यजमान अर्धे बरोबर आहेत. दोघांनी आपापलं अर्धं घट्ट धरून ठेवलंय, म्हणून भांडण मिटत नाही.

मुलाचं अर्धं आधी घेतो. वादळाला जळण लागतं आणि ते गरम पाण्यातूनच मिळतं. समुद्राची वाफ वर जाते, वर तिचं पाणी होताना तिच्यातली उष्णता सुटते, त्या उष्णतेने हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब आणखी कमी होतो, की आजूबाजूची ओली हवा आणखी जोरात आत धावते. हे चक्र एकदा फिरायला लागलं की स्वतःच स्वतःला फिरवत राहतं. त्यासाठी पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर हवं, आणि नुसतं वरवर तापलेलं चालत नाही. पन्नासेक मीटर खोलीपर्यंत ऊब हवी, नाहीतर वारा पाणी ढवळतो, खालचं गार पाणी वर येतं आणि चूल विझते. एकाच जागी घुटमळणारी वादळं पुष्कळदा अशी स्वतःच्याच पायाखालचं पाणी गार करून बसतात.

म्हणजे एकोणतीस अंश हा आकडा खरा आणि पुरेसाही. पण ताई, आपल्या बाजूच्या समुद्राचं पाणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक दरवर्षीच अठ्ठावीस-एकोणतीस असतं. मे महिन्यात तीसच्याही वर जातं. नुसत्या गरम पाण्याने वादळं झाली असती तर आपल्या किनाऱ्यावर दर पंधरा दिवसांनी छपरं उडाली असती. सुकी लाकडं अंगणात रचून ठेवली म्हणजे भात शिजला, असं होत नाही.

आता वरची हवा. हीच गोष्ट मोबाईलवरच्या त्या लाल-केशरी नकाशात दिसत नाही. वादळ म्हणजे एक उभा भोवरा समजा, बारा-पंधरा किलोमीटर उंचीचा. तो ताठ उभा राहिला तर गरगरतो. पण खाली वारा एका दिशेने आणि वर दहा किलोमीटरवर भलत्याच दिशेने, भलत्याच वेगाने वाहत असेल, तर भोवऱ्याचं डोकं एकीकडे ढकललं जातं आणि पाय दुसरीकडे राहतात. उपग्रहाच्या चित्रात हे साध्या डोळ्यांनाही कळतं: मधला गोल उघडा पडलेला आणि ढगांचा सगळा ढीग एका कुशीला सरकलेला. असं चित्र दिसलं की खाली पाणी कितीही तापलेलं असो, त्या दिवशी तरी त्याचं काही खरं नाही. ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, अरबी समुद्रात चक्रीवादळ क्वचितच होतं, त्याचं मोठं कारण हेच. खालून नैऋत्येचा जोरदार वारा, वरून पूर्वेचा. भोवरा उभा राहायलाच जागा नाही. म्हणून आपले दोन मोसम ठरलेले, पावसाळ्याच्या आधीचा मे-जून आणि नंतरचा ऑक्टोबर ते डिसेंबर.

तिसरी गोष्ट कोरडी हवा. अरबस्तानच्या वाळवंटाकडून येणारी कोरडी हवा मधल्या थरात शिरली की ढग उभे राहता राहता विरघळतात.

आणि चौथी, जिच्याकडे घरात कुणाचंच लक्ष नसतं, ती म्हणजे वेळ. समुद्रावर त्याला किती तास मिळणार? २४ मे २०२५ ची गोष्ट तुमच्या लक्षात असेल. पाणी चांगलं तापलेलं होतं, मोबाईलवर वादळाच्या बातम्यांचा पूर आला होता. प्रत्यक्षात ते डिप्रेशन (कमी दाबाच्या वरची पायरी) झालं तेव्हा रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होतं आणि त्याच दिवशी दुपारच्या सुमाराला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधून जमिनीवर चढलं. वाढायला त्याला समुद्रच उरला नाही. पाऊस मात्र असा पडला की विचारू नका. पावसाळा त्याच दिवशी केरळात आणि दोनच दिवसांत मुंबईत पोचला होता.

आता तुमच्या यजमानांचं अर्धं. बहुतेक कमी दाब पाऊस पाडून जातात, हे त्यांचं म्हणणं अनुभवाचं आहे आणि आकड्यांनीही खरं ठरतं. २०२५ मध्येच, भाऊबीजेच्या सुमाराला एक डिप्रेशन आपल्या समोरच्या समुद्रात आलं आणि आठवड्याहून जास्त दिवस रेंगाळलं. कधी इकडे, कधी तिकडे. पाणी गरमच होतं, तरी ते डिप्रेशनच्या वर चढलं नाही. कापून ठेवलेलं भात भिजवलं, बोटी बंदरात अडकवून ठेवल्या आणि संपलं. तेव्हा तांडेल म्हणाले असतील, "बघा, सांगितलं नव्हतं?"

पण "कमजोर" हा त्या दिवशीच्या वाऱ्याचा आकडा आहे, उद्याचा करार नव्हे. वारा ताशी एकतीस किलोमीटरच्या खाली तेव्हा नुसतं कमी दाबाचं क्षेत्र. एकतीस ते एकोणपन्नास डिप्रेशन, पन्नास ते एकसष्ट डीप डिप्रेशन, बासष्टला चक्रीवादळ, आणि तिथेच त्याला नाव मिळतं. (म्हणून ज्या मेसेजमध्ये नुसत्या कमी दाबाला आधीच नाव ठेवलेलं असेल तो वाचायचे कष्टही घेऊ नका. बारसं व्हायच्या आधीच पेढे वाटणारे लोक असतात ते.) पायऱ्या अशा आखलेल्या आहेत म्हणून वाटतं की वादळ एकेक पायरी निवांत चढत येईल. तसं नसतं. सगळं जुळून आलं तर ते दोन-दोन पायऱ्या एकदम घेतं.

निसर्गच बघा. १ जून २०२० च्या सकाळी ते डिप्रेशन होतं, म्हणजे तुमच्या यजमानांच्या भाषेत कमजोर. २ तारखेला दुपारपर्यंत चक्रीवादळ झालं. ३ तारखेला दुपारी अलिबागच्या दक्षिणेला, तुमच्या दिवेआगर-श्रीवर्धनच्या पट्ट्यात, ताशी शंभरच्या वरचा वारा घेऊन शिरलं. डिप्रेशन ते तुमच्या सासूबाईंचं छप्पर, पुरते अडीच दिवससुद्धा नाहीत. पुढच्या वर्षीचं तौक्ते १४ मे ला डिप्रेशन होतं आणि १७ च्या पहाटे अतितीव्र चक्रीवादळ. तीन दिवस.

आणि तांडेलांना ज्याचं नाव काढलं तर गप्प बसावं लागेल ते फयान. नोव्हेंबर २००९. मोसम तुमच्या लग्नाचाच. ९ तारखेला डिप्रेशन, ११ च्या पहाटे चक्रीवादळ आणि त्याच दुपारी अलिबाग-मुंबईच्या मधून जमिनीवर. पाच-सहा दिवसांच्या फेरीला ८ तारखेला सकाळी निघालेल्या तांडेलाने काय ऐकलं असेल? खाली कन्याकुमारीकडे कमी दाब आहे, एवढंच. कमजोर. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कितीतरी बोटी त्या फेरीतून परत आल्या नाहीत.

मी तेव्हा किनाऱ्यावरच्या एका वेधशाळेत नोकरीला होतो. आमच्या टेबलावर हवेचा दाब टिपणारा बॅरोग्राफ असायचा. काचेच्या पेटीत हळूहळू फिरणारा पितळी डबा, त्यावर आठवड्याचा कागद गुंडाळलेला आणि त्यावर शाईने रेघ ओढणारी एक बारीक टाचणीएवढी निब. आपल्याकडे हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमाराला उंचवटा, पहाटे चार आणि दुपारी चारला खळगा. त्यामुळे आठवड्याचा कागद उलगडला की उंटांची रांग चालल्यासारखी दिसते. कितीही पाऊस पडो, उंट चुकत नाहीत. ११ नोव्हेंबरला सकाळी मी ड्युटीवर आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. निब वर चढत असायला हवी होती. ती खाली चालली होती. दहा वाजले, उंट आलाच नाही. बाहेर तेव्हा नुसता भुरभुर पाऊस होता, चहाची टपरी उघडी होती. मी आयुष्यात पुष्कळ वादळांच्या बातम्या वाचल्या, पण भीती वाटली ती त्या सरळ खाली जाणाऱ्या निळ्या रेघेची.

तेव्हा कमजोर कमी दाब गरम पाण्यावर जोर धरतो का? धरू शकतो. पाणी त्याला जळण देतं. पण धरेल की नाही हे वरचा वारा, मधली हवा आणि हातात असलेला वेळ ठरवतात. हवामान खात्याचं या बाबतीतलं गणित अजूनही अवघड आहे. वादळ कुठे जाणार हे आता पुष्कळ चांगलं कळतं, ते किती जोर धरणार हे त्या मानाने कमी कळतं. आणि समुद्राचा स्वभाव बदलतोय हेही खरं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला तेव्हा त्याआधीच्या दोन दशकांच्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढलेली निघाली. तांडेलांच्या तीस वर्षांतली पहिली पंधरा आणि शेवटची पंधरा एकाच मापाने मोजता येणार नाहीत, हे त्यांना तुम्ही सांगू नका. जेवताना मुलाला सांगायला लावा, म्हणजे निदान भांडण बाप-लेकात राहील.

आता मंडपाचं बोलू. इथे मला तुम्हा सगळ्यांचाच प्रश्न चुकलेला वाटतो. तुम्ही विचारताय, कमी दाब जोर धरेल का. मी म्हणतो, मंडपाला त्याने जोर धरायची गरजच काय?

वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो. वीसचा वारा चाळीस झाला तर रेटा दुप्पट नाही, चौपट. कोळ्याच्या घरात शिडाला वारा लागला की काय होतं हे मी सांगायला नको, आणि मंडपाचं छत म्हणजे आडवं बांधलेलं शीडच. त्यात पावसाचं पाणी साठून झोळ आला की बांबू आधी वाकतात, मग एकदम जातात. नुसत्या डिप्रेशनमध्ये ताशी चाळीस-पन्नासचा वारा आणि साठचे झोत असले की हळदीचा मंडप उभा राहत नाही. तिथे चक्रीवादळ झालं काय आणि न झालं काय. तेव्हा टीव्हीवरचा माणूस "धोका टळला, वादळात रूपांतर नाही" म्हणाला की तो छपरांबद्दल बोलत असतो, तुमच्या मंडपाबद्दल नव्हे.

हे मला माझ्याच घरात कळलं. डिसेंबर २०१७. भाचीचा साखरपुडा ५ तारखेला, अलिबागजवळ, बहिणीच्या अंगणात. त्याच दिवसांत ओखी आलं. ओखीने ३० नोव्हेंबरला कन्याकुमारीपाशी काही तासांत डीप डिप्रेशनचं चक्रीवादळ होऊन दाखवलं होतं. केरळ-तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार तेव्हा समुद्रातच होते, आणि वाऱ्यापुढे वाहत आलेल्या साठाहून जास्त बोटी आपल्या देवगडला लागल्या होत्या. मी बहिणीला फोन करकरून सांगितलं, वादळ येतंय, अंगण सोड, समाजमंदिर घे. तिने रडतकुढत ऐकलं. आणि ओखी वर यायला लागलं तसं विरत गेलं. डिसेंबरचं उत्तरेकडचं पाणी गार, वरचा वारा आडवा, हवा कोरडी. गुजरातच्या किनाऱ्यापाशी पोचेपर्यंत त्याचा नुसता कमी दाब उरला होता. साखरपुड्याच्या दिवशी आमच्याकडे वारा असा आलाच नाही. पाऊस मात्र आदल्या संध्याकाळपासून जो लागला तो थांबेचना. अंगणात घोटाभर चिखल. समाजमंदिरात कोरड्या सतरंजीवर बसून, गरम वरण-भात जेवत, माझी बहीण चार लोकांत मला विचारते, "काय रे, वादळ कुठाय तुझं?" आजही विचारते. मी वादळाच्या बाबतीत चुकलो आणि अंगणाच्या बाबतीत बरोबर निघालो, हे तिला अजून पटवून देता आलेलं नाही.

म्हणून तुम्ही अंदाजाशी भांडत बसू नका, वार ठरवा. मंडपवाल्याला आज विचारा: मंडप सोडवून सामान आत न्यायला तुझ्या माणसांना किती वेळ लागतो? तो म्हणेल एक दिवस. आचाऱ्याला विचारा, चुली दुसरीकडे मांडायला किती वेळ? पाहुण्यांना जागा बदलल्याचं कळवायला एक दिवस धरा. हे सगळं गुरुवारच्या हळदीतून मागे मोजलं तर सोमवार संध्याकाळ येते. मंडप की हॉल, हे सोमवारी संध्याकाळी सात वाजता ठरेल, त्याआधी घरात कुणी त्याबद्दल बोलायचं नाही आणि त्यानंतर कुणी बदलायचं नाही. असं एकदा जाहीर करून टाका. निम्मी डोकेदुखी तिथेच संपेल.

सोमवारपर्यंत काय बघायचं? हवामान खातं दर गुरुवारी पुढच्या दोन आठवड्यांचा अंदाज देतं, अरबी समुद्रात आणि बंगालच्या उपसागरात काही तयार होण्याची शक्यता किती, हे त्यात असतं. हळदीच्या आधीच्या गुरुवारचा तो वाचा. नंतर रोजच्या पत्रकात शक्यता कमी, मध्यम की जास्त, तेवढा एकच शब्द शोधा. काही तयार झालंच तर दोन ओळी वाचायच्या: ते कुठल्या दिशेने सरकतंय आणि आपल्या किनाऱ्यावर वाऱ्याचा आकडा किती दिलाय. त्याला काय म्हणतात, ते वाढलं की घटलं, सोडून द्या. रायगडच्या किनाऱ्यासाठी ताशी चाळीस किंवा जास्तीचा वारा, नाहीतर मुसळधार पावसाचा इशारा, दोन्हीपैकी एकही सोमवारी दिसलं तर हॉल. दिसलं नाही तर मंडप, आणि मग निवांत मेंदी काढा.

मुलाचे नकाशे टाकाऊ नाहीत. पण दहा दिवसांनंतरचा भोवरा जे मॉडेल (हवामानाचं संगणकावरचं गणित) दाखवतं ते पत्रिका बघण्यासारखं आहे. तीन दिवसांच्या आतलं चित्र म्हणजे नाडी. त्याला एवढंच काम द्या की युरोपचं आणि अमेरिकेचं अशी दोन्ही मॉडेलं रोज सकाळी उघडायची आणि दोन्ही एकाच जागी बोट ठेवतायत का, तेवढंच कळवायचं. एक मॉडेल मुंबईवर आणि दुसरं ओमानवर वादळ नेत असेल तर त्याने आईला फोन करायचा नाही. २०१९ च्या दिवाळीत क्यार आपल्या रत्नागिरीच्या समोर तयार झालं, वाढत वाढत सुपर सायक्लोन झालं, २००७ च्या गोनू वादळानंतर अरबी समुद्रातलं पहिलंच. आणि गेलं पश्चिमेला. जोर सगळा धरला, पण दिशा आपली नव्हती.

बोटीच्या बाबतीत मात्र मी एवढा मोकळा बोलणार नाही. मंडप चुकला तर कापड भिजतं. तांडेल, हे तुम्हीच वाचा. तुमची बोट ताशी सात-आठ मैल चालते. साठ मैल बाहेर असलात तर परतायला आठ तास, तेही समुद्र शांत असेल तर. समोरून वारा आणि लाटा आल्या की बारा धरा. मोबाईलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, पुढे बोटीवरच्या व्हीएचएफ वायरलेसवर जेवढं ऐकू येईल तेवढं. फयानच्या आठवड्यात निघालेल्या माणसाकडे अनुभव तुमच्याइतकाच होता. कमी पडले ते तास. म्हणून फेरीचा नियम मंडपाच्या नियमाच्या उलटा ठेवा. मंडपासाठी वाऱ्याचा आकडा येईपर्यंत थांबा. फेरीसाठी थांबू नका. दक्षिण अरबी समुद्रात किंवा कन्याकुमारीच्या बाजूला नुसता कमी दाब झालाय आणि शक्यता "मध्यम" लिहिलीय, एवढं पुरे, पाच दिवसांच्या फेरीला निघायचं नाही. मारायचीच तर सकाळी जाऊन रात्री परतायची, किनारा दिसेल एवढ्या अंतरावर. फेरीत जे सुटेल ते आहेराच्या पाकिटात भरून निघेल. हिशेबाला वहीच हवी तर डिझेलचा खर्च धरून मांडा, बाहेरच्या एका फेरीत हातात काय उरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

राहता राहिल्या सासूबाई. ताई, तुमच्या पत्रात त्यांच्याबद्दल दोन वाक्यं आहेत आणि मला वाटतं तुमच्या घरात सगळ्यात शहाणं वागणं त्यांचंच आहे. त्यांनी कुणाशी वाद घातलेला नाही. त्यांनी पिशवी दाराशी आणून ठेवलीय. एवढंच तर हवामान खातंही सांगतं: कागदपत्रं एका जागी, बॅटरी, औषधं, प्यायचं पाणी. त्यांना "काही होत नाही हो आई" असं म्हणू नका. ३ जूनच्या सकाळीही त्यांना कुणीतरी तेच म्हणालं असेल. त्यापेक्षा एक काम सोपवा. बंदरावर बावटा लागलाय का आणि कितवा, हे रोज संध्याकाळी एखाद्या नातवाला पाठवून त्यांनी विचारून घ्यायचं. एक नंबरचा असेल तर वादळी हवा लांब समुद्रात आहे, बंदराला त्रास नाही. तीन नंबरचा लागला तर वाऱ्याचे झोत बंदरापर्यंत येऊ शकतात. आकड्यांचं हे गणित त्यांना तुमच्या मुलाच्या नकाशांपेक्षा लवकर कळेल, कारण त्यांनी ते लहानपणापासून बघितलेलं आहे. आणि सोमवारी सातला सगळे बसाल तेव्हा पहिलं त्यांना बोलू द्या.

मंडपवाल्याबद्दल एक राहिलं. त्याला सांगा, बांबू नको, लोखंडी पाइप लाव, आणि छताचं कापड चारी बाजूंनी घट्ट शिवल्यासारखं बांधू नको. वारा आत शिरला तर बाहेर पडायला वाट ठेव. नारळाखाली छत येणार नाही असं बघ. वाडीत घालताय म्हणून सांगतो, डिप्रेशनच्या वाऱ्यातसुद्धा झाप आणि नारळ गळतात, आणि खाली वऱ्हाड बसलेलं असतं. विसार दिला असला तरी हे बोलायला अजून उशीर झालेला नाही. जमल्यास त्याच्याकडून हेही कबूल करून घ्या की सोमवारी मंडप रद्द केला तर विसारातला अर्धा तरी परत देईल. लेखी नको, चार माणसांसमोर बोलला तरी पुरे.

आणि समाजमंदिर आजच धरून ठेवा, लागो न लागो. फक्त किल्ली कुणाकडे असते आणि तो माणूस त्या गुरुवारी गावात आहे का, हे विचारायला विसरू नका. आमच्या साखरपुड्याला किल्लीवाला पेणला दुसऱ्याच्या लग्नाला गेला होता. भर पावसात कुलूप फोडावं लागलं, त्याचे पैसे बहिणीने माझ्याकडूनच घेतले.